सुखदेवभाऊंचं बारावं जर्नल

आमच्या कॉलेजातले सुखदेवभाऊ ढगे बॅटरी चाटून व्होल्टेज सांगतात. डोक्यावर दोन बटणं असलेली ती चौकोनी, नऊ व्होल्टची बॅटरी असते ना, ती ते पाकिटाचा डिंक ओला करावा तशी जिभेच्या टोकाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "सात पॉइंट दोन." मग आपण मीटर लावायचं. मीटरही सात पॉइंट दोनच दाखवतं. एकदा मीटरनं सात पॉइंट पाच दाखवलं, तर भाऊंनी मीटरच उघडायला घेतलं, आणि खरोखर मीटरच्या आतली बॅटरी उतरलेली निघाली. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये भाऊंच्या जिभेवर कुणी शंका घेतलेली नाही.

या जिभेसाठी माणसानं त्यागही केला. आमच्या स्टाफरूममध्ये चुन्याची डबी हजेरीपटापेक्षा जास्त फिरते. तिथे भाऊंनी सगळ्या नोकरीत तंबाखूला बोट लावलं नाही. ठेचासुद्धा बेतानं. वऱ्हाडात जन्मून ठेचा बेतानं खाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, एकच गाऱ्हाणं असे, की भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे या माणसाला कधी कळलं नाही. बॅटरी तेवढी कळते. काकू जाऊन आता सहा वर्षं झाली. गाऱ्हाणं मात्र भाऊ स्वतःच सांगतात, अगदी काकूंच्या आवाजात.

मी मराठी शिकवते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या हिशेबानं भाऊंचं आणि माझं हाडवैर असायला हवं होतं. आमच्याकडे सायन्सच्या मुलांनी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की मराठी सुटतं. नियमच तसा. दर वर्षी अकरावीचे प्रवेश झाले की माझ्या वर्गातली चांगली चांगली मुलं माझ्या डोळ्यांदेखत जिना चढून वरच्या लॅबमध्ये जातात आणि माझ्याकडे उरतात ती, ज्यांना जिना चढायचा कंटाळा आहे. पहिल्या वर्षी मी डोणगावहून इथे वरवट बकालला रुजू झाले, तेव्हा या लॅबमध्ये असं काय आहे ते बघायलाच तरातरा वर गेले होते. बघते तर एक माणूस डोळे मिटून बॅटरी चाटतोय.

भाऊ लॅबचे परिचर. शिक्षण दहावी. इलेक्ट्रॉनिक्सचे सर तासिका तत्त्वावर येतात आणि दुसरीकडे बरी नोकरी लागली की जातात. किती आले, किती गेले, भाऊ तिथेच. नवीन सर आले की भाऊ त्यांना पाणी देतात, पंखा कोणत्या बटणावर आहे ते सांगतात आणि आठवडाभरात, सरांना कळूही न देता, सगळा विषय शिकवतात. "सर, मांगचे सर हे वायर इकडून लावत होते, काऊन लावत होते कोनास ठाऊक," असं भाऊ म्हणाले की नव्या सरांनी ती वायर मुकाट्यानं तिकडून लावायची असते.

भाऊंचं लाडकं वाक्य एकच. "मेला नाई, थकला हाय." हे ते बॅटरीबद्दल म्हणतात, पण प्रिन्सिपल सरांच्या स्कूटरबद्दल म्हटलेलंही मी ऐकलंय आणि एकदा खुद्द प्रिन्सिपल सरांबद्दलही. गावात सप्ताह संपला की भाऊ मांडववाल्याच्या आधी तिथे हजर. कॉर्डलेस माइकमधली बॅटरी जरा उतरली की माइकवाले ती टाकून देतात. भाऊ त्या थकलेल्या बॅटऱ्या उचलून आणतात, चाटतात आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवतात: "मारुती मंदिर सप्ताह, ७.२", "वानखडे यांचे लग्न, ६.९". आमच्या गॅदरिंगच्या माइकमधली बॅटरी तर मी आभारप्रदर्शन संपवायच्या आत त्यांच्या खिशात गेलेली असते. माझं आभारप्रदर्शन लांबतं, हे मला मान्य आहे.

या बॅटऱ्यांचं ते काय करतात, हे समजायला मला दोन वर्षं लागली. बारावीच्या प्रयोगात एक आयसी असते. बोटाच्या पेराएवढी, काळी, आठ पायांची. बारीक व्होल्टेज घ्यायचं आणि दसपट मोठं करून द्यायचं हे तिचं काम. त्यासाठी तिला दोन बाजूंनी वीज लागते, एक शून्याच्या वरची आणि एक शून्याच्या खालची. पुस्तक म्हणतं, वरून बारा द्या, खालून बारा द्या. आमच्या लॅबमधल्या पुरवठ्याच्या खोक्याची खालची बाजू मी यायच्या आधीच बंद पडली होती. वरची बाजू चालू होती, पण तिला धरबंध राहिला नव्हता. लाइनला दाब असला की चौदा, नसला की अकरा. नव्या खोक्यासाठी अर्ज गेले. पुढच्या वर्षी पाहू, असं उत्तर दर वर्षी न चुकता आलं.

मग भाऊंनी वरून जे येईल ते घेतलं आणि खालून सप्ताहातली बॅटरी लावली. वर चौदा, खाली सात. आमच्या मुलांचे प्रयोग एका बाजूनं सरकारी विजेवर आणि दुसऱ्या बाजूनं मारुतीच्या कृपेवर चालत आले आहेत.

"पण पुस्तकात तर दोन्हीकडून सारखं लिहिलंय," असं मी एकदा म्हटलं. कळत नसलं तरी पुस्तकाची बाजू घेणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे.

"ते पुस्तक पुन्याले छापेल हाय मॅडम. तिथं लाईट जात नसन," भाऊ म्हणाले. मग आयसी माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी पाय मोजायला लावले. आठ. "याच्यात जमिनीचा पाय हाय काय? नाई. याले शून्य कुठं हाय, ते मालूमच नाई. शून्य आपन ठरोतो. वर किती, खाली किती अन् मधात जागा किती, एवढंच याले समजते. कोनाकून किती भेटलं, ते हा मोजत नाई. फक्त घरात हाय त्याच्यापरीस जास्त वाढाले जाऊ नका. जिकडं कमी हाय, तिकडं थोडकंच मागा."

मला त्यातलं निम्मं कळलं. मुलांना पूर्ण कळायचं, हे माझं दुःख.

आता यंदाच्या प्रॅक्टिकल परीक्षेचं सांगते. भाऊंची ही शेवटची परीक्षा, महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. माझी ड्यूटी नेहमीचीच: बाहेरून आलेल्या परीक्षकांची सरबराई. मराठीच्या बाईला सूत्रसंचालन, रांगोळी आणि पोहे या तिन्हींतलं सगळं येतं, असा आमच्याकडे समज आहे.

परीक्षक तरुण होते, कडक इस्त्रीचे आणि स्वतःचं मीटर कमरेच्या पाऊचमध्ये घेऊन आलेले. साडेदहाला लॅबमध्ये शिरले आणि मुलांकडे न बघता त्यांनी आधी पुरवठा मोजला. वर चौदा, खाली सात. पुन्हा मोजला. मग त्यांची नजर बॅटरीवरच्या "वानखडे यांचे लग्न" या चिठ्ठीवर गेली. नवे सर, डिसेंबरात आलेले, खिडकीबाहेर बघू लागले.

परीक्षक चिडले नाहीत, हेच वाईट झालं. चिडलेला माणूस पोह्यांनी शांत करता येतो. ते शांतपणे म्हणाले की असमान पुरवठ्यावर परीक्षा घेता येणार नाही, केंद्रावर साहित्य नाही असा अहवाल मी देतो, मुलांची सोय दुसऱ्या केंद्रावर होईल. आणि त्यांनी कागद मागितला.

एवढ्या एका कागदावर काय जाणार होतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तसा अहवाल गेला की पुढच्या वर्षी विषय बंद. अकरा विद्यार्थ्यांत सात मुली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून सकाळच्या एसटीनं येणाऱ्या. त्यांना वरवटपर्यंत पाठवायलाच घरचे तयार नव्हते. एकेकीच्या घरी भाऊ स्वतः जाऊन बसले होते, चहा पिऊन आले होते, "पोरगी माह्या लॅबमंधी हाय" असा शब्द देऊन आले होते. दुसरं केंद्र म्हणजे आणखी दोन तास लांब. कुणी पाठवलं नसतं. भाऊंचा शब्द खोटा पडला असता, तोही शेवटच्या महिन्यात.

परीक्षकांशी बोलणं परिचराला शोभत नाही, हे भाऊ जाणून होते. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अर्धा घंटा थांबवा यायले. अकराले थ्री फेज येते."

थ्री फेजचा इथे काय संबंध, हे विचारायला वेळ नव्हता. मी परीक्षकांना शेजारच्या खोलीत नेलं. पोहे दिले. चहा दिला. ते पेन काढू लागले, तेव्हा मी मराठी भाषेच्या भवितव्याविषयी बोलायला सुरुवात केली. इलेक्ट्रॉनिक्समुळे माझे विद्यार्थी कसे जातात, इथपासून मी निघाले आणि विरामचिन्हांपर्यंत आले. माणूस सभ्य होता. दोनदा घड्याळाकडे बघून तिसऱ्यांदा त्यांनी थेट विचारलं की कागद कुठे आहे. अकराला अजून दहा मिनिटं होती. मी धावत लॅबमध्ये गेले, कपाटातला जर्नलांचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्यासमोर आणून ठेवला. म्हटलं, अहवालाच्या आधी मुलांचं काम तरी बघा. जर्नल पुढे आलं की परीक्षकाचं पेन आपोआप त्याच्याकडे वळतं. ते चाळू लागले.

अकराला पाच कमी असताना भाऊ दारात आले. परीक्षा संपेपर्यंत ते परीक्षकांशी एकच वाक्य बोलले, ते हे. "सर, एकदा पाहून घ्या, मंग लिहा."

टेबलाशी पल्लवी उभी होती. पायथ्याच्या गावातली, वर्गात चार शब्द बोलताना लाजणारी. परीक्षकांनी तिला शून्य पॉइंट आठ द्यायला सांगितलं. दसपट म्हणजे आठ यायला हवेत, आणि या जोडणीत उलटे, म्हणजे शून्याच्या खाली. काटा साडेपाचावर जाऊन अडला.

"बघा," परीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले.

पल्लवी मात्र हलली नाही. "सर, तिकडं आमच्याकडे सातच हायेत, त्यातलेही दीडेक हा सोतासाठी ठेवते. सातातून आठ कसे वाढणार? उलटं करून मागा." तिनं आत व्होल्टेज देणाऱ्या दोन वायरी उलट केल्या. काटा दुसऱ्या बाजूला गेला आणि बरोबर आठावर थांबला.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला. ट्यूबलाइट फिकट झाली. थ्री फेज आली होती आणि शिवारातल्या झाडून सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या होत्या. पुरवठ्याचा काटा चौदावरून घसरला. तेरा, बारा, अकरा. परीक्षक पुढे वाकले. पल्लवीच्या मीटरवर आठ होते. आठच राहिले.

त्यांनी स्वतःचं मीटर लावलं. आठ. पंखा आणखी मंदावला. आठ.

"का हलत नाही?" त्यांनी पल्लवीला विचारलं, आणि या वेळी खरंच उत्तर ऐकायला विचारलं.

"मांगून भिंत हलली तरी याचं ध्यान नसते, सर. याचं ध्यान फक्त समोरच्या दोन पायांवर. वर छत डोक्याले लागत नाई, तोपर्यंत हा आपलं काम करते."

परीक्षकांनी आपलं मीटर काढून पाऊचमध्ये ठेवलं. म्हणाले, "पुस्तकात आहे हे. मीच कधी करून पाहिलं नव्हतं." कोरा कागद त्यांनी मला परत दिला आणि पहिला नंबर पुकारला. त्या क्षणी मला आमच्या कॉलेजचा, त्या खोक्याचा, वानखड्यांच्या लग्नाचासुद्धा इतका अभिमान वाटला की मी पल्लवीला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. भाऊ फडक्यानं टेबल पुसत होते. टेबल स्वच्छच होतं.

दुपारी परीक्षा संपली. परीक्षक जर्नलांवर शेवटच्या सह्या करायला बसले. अकरा झाल्या. खाली एक उरलं.

"बारावा विद्यार्थी गैरहजर आहे का?" त्यांनी विचारलं.

मी यादी बघितली. अकराच नावं. परीक्षकांनी जर्नल उघडलं. खाकी कव्हर, पट्टीनं आखल्यासारखं सरळ अक्षर. नाव: सुखदेव ढगे. आसन क्रमांकाची जागा कोरी. बाराही प्रयोग लिहिलेले, आकृत्या काढलेल्या, आणि प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाच्या सहीची जागा रिकामी.

भाऊ पाण्याचा ग्लास घेऊन आत येत होते, ते दारातच थांबले. "ते माह्यं हाय, सर. चुकून आलं," म्हणाले. चूक त्यांची नव्हतीच. परीक्षेच्या सकाळी ते दर वर्षी आपलं जर्नल गठ्ठ्यातून काढून ठेवत. यंदा ते काढायच्या आत मी गठ्ठा उचलला होता.

परीक्षकांनी तिथेच बसून चार पानं वाचली. मग उभे राहिले आणि जर्नल दोन्ही हातांनी भाऊंना दिलं. "नोंदणी नाही, म्हणून मला सही करता येत नाही. नाहीतर केली असती," ते म्हणाले. भाऊंनी मान हलवली. नियम त्यांना परीक्षकांपेक्षा जास्त पाठ होता.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून लॅबमध्ये गेले आणि ते जर्नल वाचायला मागितलं. भाऊंनी आढेवेढे घेतले, मग कपाटाचा खालचा कप्पा उघडला. एक नव्हतं, सव्वीस होती. मुलांबरोबर दर वर्षी एक. मुलांची जर्नलं इंग्रजीत असतात, एकमेकांची बघून उतरवलेली. भाऊंची सगळी मराठीत. मी उभ्यानंच वाचू लागले आणि मग स्टूल ओढून बसले. "कृती: प्रथम वरचा पुरवठा मोजला. तो सकाळी चौदा होता, मोटरी लागल्यावर अकरा झाला. जे होते तेच लिहिले आहे." मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की साधं लिहा, पाहिलं तेवढंच लिहा. ते मराठी माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, सव्वीस वर्षं लिहिलं जात होतं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

"कोणाला दाखवलं नाही कधी?"

"तिले दाखवत होतो," भाऊ म्हणाले. काकूंना. "तिले वाचता येत नव्हतं. पन पानं पलटून म्हने, अक्षर चांगलं हाय." मग वह्या सारख्या करत, "सही कोनाले मांगू? सर लोक दर साली नवे. अन् आपन परिचर."

मी पर्समधून लाल पेन काढलं. म्हटलं, मी करते. मराठीत लिहिलंय ना, मग माझ्याच विषयात येतं.

भाऊंनी जर्नलावर हात ठेवला. "प्रयोग पाह्यल्याशिवाय सही करू नका, मॅडम." मुलांना ते जन्मभर हेच सांगत आले होते.

तेव्हा मग तसंच केलं. निवृत्तीला बारा कामाचे दिवस उरले होते, प्रयोगही बारा. रोज शेवटचा तास संपला की मी वर जायची. भाऊ त्या दिवसाचा प्रयोग मांडायचे, मी काटा वाचायची, ते वहीत लिहायचे, आणि मग त्या प्रयोगाखाली मी सव्वीसही जर्नलांत सही करायची. पहिल्या दिवशी भाऊंनी एकच वायर तीनदा काढून पुन्हा लावली. मी खिडकीबाहेर बघितलं. सातव्या दिवशी त्यांनी बॅटरी माझ्यासमोर धरली. मी जीभ लावली, झिणझिण्या आल्या, आणि सहा म्हटलं. मीटरनं सात पॉइंट एक दाखवलं. "ठेचा कमी करा," भाऊ म्हणाले.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रयोग झाला. सव्विसाव्या जर्नलाच्या शेवटच्या पानावर मी सही केली, तारीख टाकली आणि पेनाला टोपण लावलं. भाऊ तिथेच उभे.

"मॅडम, शेरा?"

वह्यांवर शेरे मारण्यात माझी उमर गेली. अक्षर सुधारा. उत्तरे सविस्तर लिहा. त्यातला एकही शेरा या पानाला लागू नव्हता. भाऊंनी घाई केली नाही. खाली शिपाई दारं लावत होता, त्याला त्यांनी वरूनच सांगितलं की आमचं अजून व्हायचं आहे.

मग आम्ही मराठीचे मास्तर सगळ्या वह्यांवर जो लिहितो, तोच शब्द मी लिहिला. पाहिले.

भाऊंनी जर्नल उजेडाकडे धरून तो दोनदा वाचला. "बरोबर हाय," म्हणाले, आणि लॅबची किल्ली माझ्या हातात दिली.